ताप नव्हता, सीआरपी कमी होता: बावीस महिन्यांच्या मुलाचा न्यूमोनिया

हे प्रकरण आमच्या बालरोग विभागातलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि आमचे निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. मुलाच्या आईवडिलांनी हे लिहायला परवानगी दिली. आईची एकच अट होती: पहिल्या रात्रीचं काही गाळायचं नाही.

पार्श्वभूमी

मुलगा बावीस महिन्यांचा होता. वजन, उंची, चालणं, बोलणं सगळं वयाप्रमाणे. लसीकरण पूर्ण; न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूविरुद्धच्या संयुग्म लशीचे सगळे डोस वेळेवर झालेले. आईवडिलांचं एकमेकांशी दूरचं नातं.

जुन्या कागदांत दोन आजारांच्या नोंदी होत्या. आठव्या महिन्यात मांडीवर मोठं गळू झालं, ते चिरून पू काढावा लागला आणि त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडला. चौदाव्या महिन्यात मानेतली गाठ पिकली. दोन्ही वेळा प्रतिजैविकांनी तो बरा झाला. दोन्ही कागदांवर एक छोटी नोंद होती, ‘ताप नाही’. ती तेव्हा कुणालाही खटकली नाही. लहान मुलांना गळवं होतात, गाठी येतात. ताप नसला तर डॉक्टरला उलट हायसंच वाटतं.

कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात एक ओळ होती: ‘मोठी बहीण, सातव्या महिन्यात मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणांच्या संसर्गाने) मृत्यू.’ त्या बाळाला पाठीतलं पाणी काढण्याआधीच प्रतिजैविक दिलेलं असल्याने जंतू उगवलाच नव्हता. ही ओळ रात्रपाळीच्या कनिष्ठ डॉक्टरने नीट लिहून घेतली होती. ती वाचून थांबायला हवं होतं, ते आम्ही थांबलो नाही.

अडचण

रात्री नऊच्या सुमारास आई मुलाला घेऊन आली. दोन दिवस खोकला, त्या दिवशी दुपारपासून दूध नको, खेळणं नको. श्वासाचा वेग मिनिटाला ४८ (एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद), ऑक्सिजन ९१ टक्के, तापमान ३७.४ अंश सेल्सिअस. छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढुरकी छाया. पांढऱ्या पेशी ४,२००, त्यांपैकी न्यूट्रोफिल (जिवाणूंवर पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पेशी) फक्त ९००. सीआरपी (जिवाणूचा संसर्ग झाला की रक्तात सहसा वाढणारं प्रथिन) लिटरला ६ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास निरोगी मुलाइतका.

आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती: “डॉक्टर, हा असा गप्प कधीच नसतो. आजारी असला तरी रडतो, हात झटकतो. आज हा नुसता पडून आहे.”

मी तिचं ऐकलं, फाइलमध्ये लिहिलंही. पण वजन दिलं ते आकड्यांना. ताप नाही, सीआरपी वाढलेला नाही, पांढऱ्या पेशी कमी; हे सगळं विषाणूजन्य संसर्गाच्या चित्रात चपखल बसत होतं. एक्स-रेतली छाया विषाणूमुळेही दिसू शकते. न्यूट्रोफिल ९०० पाहून मी मनाशी म्हटलं की विषाणू रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला थोडं दाबतात. ही समजूत चुकीची नव्हती, पण त्या मुलापुरती ती घातक ठरली.

पहिला निर्णय: थांबायचं की सुरू करायचं

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, लगेच शिरेतून प्रतिजैविक. दुसरी, ऑक्सिजन आणि द्रव देऊन लक्ष ठेवणं, सकाळी सीआरपी पुन्हा करणं. तिसरी मधली: रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घेऊन तोंडाने अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक.

प्रतिजैविकं उगाच वापरू नयेत हे आम्ही रोज शिकवतो आणि ते योग्यच आहे. त्या रात्री मी दुसरी वाट निवडली. एक गोष्ट मात्र नशिबाने नीट घडली. शिर लावताना परिचारिका म्हणाल्या, “सर, सुई गेलीच आहे तर कल्चरही घेऊन ठेवू या का?” मी हो म्हटलं. या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा नमुना त्या एका प्रश्नातून मिळाला.

अकरा तासांनी, सकाळी आठला, मुलाचा श्वास ६४ वर गेला होता. ऑक्सिजन लावूनही ८६ टक्के. त्वचा दाबून सोडल्यावर रंग परत यायला चार सेकंद लागत होते, हातपाय गार. तापमान ३७.१. तेव्हा कुठे लॅक्टेट (रक्ताभिसरण ढासळलं की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासला, तो ५.८ निघाला, म्हणजे बराच वाढलेला. सेफ्ट्रियाक्सोन आणि व्हँकोमायसिन सुरू केली, शिरेतून द्रव दिला आणि दीड तासात मूल अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होतं.

रात्री घेतलेलं कल्चर तेराव्या तासाला पॉझिटिव्ह आलं. सूक्ष्मदर्शकाखाली जोडीजोडीने दिसणारे गोल जिवाणू: स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, म्हणजे न्यूमोकॉकस. पेनिसिलिनला संवेदनशील. मी रात्री टाळलेलं साधं औषध त्याला पुरलं असतं.

पुढे छातीच्या सोनोग्राफीत फुप्फुसाच्या आवरणात पू साचलेला दिसला, नळी घालावी लागली. स्थिर झाल्यावर पाठीतलं पाणी तपासलं, ते स्वच्छ होतं. मूल चार दिवस व्हेंटिलेटरवर, एकूण अठरा दिवस दवाखान्यात राहिलं. सीआरपी दुसऱ्या दिवशी ३८, तिसऱ्या दिवशी ७० झाला. रक्तात न्यूमोकॉकस आणि छातीत पू असलेल्या मुलात तो कित्येक पट जास्त असतो. शरीराला जाग आली होती, पण उशिरा आणि अर्धवट.

दुसरा निर्णय: ‘दुर्दैव’ म्हणून फाइल बंद करायची का

मूल वाचलं. घरी पाठवायच्या आठवड्यात आमच्या बैठकीत दोन मतं पडली. एक असं: न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया लहान मुलांत नेहमी दिसतो, सुरुवातीच्या तासांत सीआरपी कुणाचाही कमी असू शकतो (तो वाढायला सहाआठ तास लागतात, शिखर गाठायला दीडदोन दिवस), बहिणीचा मृत्यू हा योगायोग. दुसरं मत: एवढे योगायोग एका घरात मान्य करू नयेत.

पारडं फिरवलं ते प्रयोगशाळेच्या एका उत्तराने. रक्तातल्या न्यूमोकॉकसचा प्रकार १४ क्रमांकाचा निघाला, आणि हा प्रकार त्याला दिलेल्या लशीत होता. सगळे डोस घेतलेल्या मुलाला लशीतल्याच प्रकाराने रक्तापर्यंत गाठावं, ही गोष्ट आपणहून प्रश्न विचारते.

मग तपासण्यांची नेहमीची मालिका झाली. इम्युनोग्लोब्युलिन जी, ए, एम नॉर्मल. टी आणि बी पेशींची संख्या नॉर्मल. पूरक प्रथिनांचं काम नॉर्मल. एचआयव्ही नाही. न्यूट्रोफिल जंतू मारण्यासाठी जे ऑक्सिजनजन्य रसायन बनवतात ते बनत होतं. प्लीहा जागेवर होती. घामातलं क्लोराइड नॉर्मल, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसही नाही.

इथे आमच्याकडून एक चूक झाली. आजाराच्या चौथ्या दिवशी, मूल अगदी खालावलेलं असताना, आम्ही शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं होतं. ते देणं वावगं नव्हतं. पण त्याआधी रक्ताचा नमुना राखून ठेवायला हवा होता. न्यूमोकॉकसच्या वेगवेगळ्या प्रकारांविरुद्ध या मुलाने स्वतः किती प्रतिपिंडं बनवली हे नंतर मोजण्यात अर्थ उरला नाही. जे सापडलं असतं ते हजारो दात्यांचं होतं. शिवाय वर लिहिलेली जी, ए, एमची पातळी आम्हाला दाखल होतानाच्या, सुदैवाने फ्रिजमध्ये उरलेल्या थोड्या रक्तद्रवातून करून घ्यावी लागली.

सगळं नॉर्मल आलं, तेव्हा मी आईसमोर बसून पुन्हा पहिल्यापासून विचारलं. जन्म कसा झाला, नाळ कधी गळली. आई म्हणाली, “पाचव्या आठवड्यात. मोठीचीही तशीच उशिरा गळली होती. मी विचारलं होतं, तेव्हा काही नाही म्हणाले.” नाळ सहसा दोन आठवड्यांच्या आत गळते. ती गळायला न्यूट्रोफिल तिथे पोचावे लागतात. नाळ उशिरा गळणं म्हटलं की आम्हा डॉक्टरांना पहिल्यांदा न्यूट्रोफिलच्या चिकटण्याचा एक दोष आठवतो. तो तपासला, तोही नव्हता. म्हणजे न्यूट्रोफिल चालू शकत होते, चिकटू शकत होते, मारू शकत होते. मग त्यांना बोलावणं जात नव्हतं का?

बोलावणं कोण धाडतं

या प्रश्नाचं उत्तर समजायला फुप्फुसाच्या रोजच्या कामाकडे पाहावं लागेल. मोठा माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो आणि तिच्यासोबत, किंवा घशातून झिरपणाऱ्या स्रावासोबत, जिवाणू खाली उतरत राहतात. न्यूमोकॉकस तर कित्येक निरोगी मुलांच्या नाकाघशात महिनोन्‌महिने मुक्कामाला असतो. वायुकोशांत पहारा देणाऱ्या भक्षक पेशी आणि तिथलं अस्तर यांना प्रत्येक वेळी एक निवाडा करायचा असतो: हे आपलं की परकं, आणि परकं असेल तर गिळून गप्प बसायचं की आरडाओरडा करायचा.

हा निवाडा प्रतिपिंडांचा नाही, कारण ती बनायला दिवस लागतात. तो जन्मतः मिळालेल्या ग्राहींचा असतो, ज्यांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. ते एखादा विशिष्ट जंतू ओळखत नाहीत. जंतूंच्या अख्ख्या कुळांत जे सामाईक असतं ते ओळखतात. ही कल्पना चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडली तेव्हा असा एकही ग्राही हाती नव्हता. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाला दिसलं की ‘टोल’ नावाचं जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे टिकत नाही. पुढच्याच वर्षी रुस्लान मेझितोव्ह आणि जेनवे यांनी माणसातला त्याचा भाऊबंद दाखवला, आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने सिद्ध केलं की ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड ओळखण्यासाठी उंदराला टोलच्याच कुळातला टीएलआर-४ हा ग्राही लागतो. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

माणसात असे टोल-लाइक रिसेप्टर (टीएलआर) दहा आहेत. न्यूमोकॉकसच्या बाबतीत टीएलआर-२ त्याच्या भिंतीतली स्निग्धप्रथिनं ओळखतो. टीएलआर-९ पेशीच्या आत, गिळलेल्या जिवाणूचा डीएनए ओळखतो. भिंतीचे तुकडे पेशीद्रवात आले तर नॉड-२ हा वेगळ्या कुळातला ग्राही आहे. न्यूमोकॉकसचं न्यूमोलायसिन हे विष पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, आणि त्या नासधुशीची चाहूल पेशीतल्या एनएलआरपी-३ या ग्राहीला लागते. तो इंटरल्यूकिन-१ (इतर पेशींना धोक्याचा निरोप देणारं प्रथिन) सोडायला लावतो. शेपटी हलवत येणाऱ्या स्यूडोमोनास किंवा लीजिओनेला या जिवाणूंसाठी टीएलआर-५ आहे.

एवढे पहारेकरी असल्याने एखादा गैरहजर असला तरी बहुधा निभावतं. नेदरलँड्समध्ये १९९९ साली फुलांच्या एका प्रदर्शनातून लीजिओनेलाची मोठी साथ पसरली होती. त्या रुग्णांच्या अभ्यासात असं दिसलं की टीएलआर-५ अर्धवट बनवणारा जनुकीय बदल ज्यांच्यात आहे त्यांना हा न्यूमोनिया होण्याची शक्यता जास्त होती. पण तो बदल असलेले असंख्य लोक एरवी निरोगी आयुष्य जगतात. उंदरांतही न्यूमोकॉकसपुढे टीएलआर-२ एकटा काढला तर फारसं बिघडत नाही.

मात्र या बहुतेक ग्राहींच्या तारा पुढे जाऊन एकाच गाठीत मिळतात. टीएलआर-३ सोडला तर बाकी सगळे टीएलआर मायडी-८८ या प्रथिनाला हाक देतात, मायडी-८८ इराक-४ ला ओढतो, आणि दोघांचं मिळून एक गुंतवळ तयार होतं. तिथून आदेश केंद्रकाकडे जातो आणि पेशी इंटरल्यूकिन-६, टीएनएफ, न्यूट्रोफिलना बोलावणारं इंटरल्यूकिन-८ असं सगळं ओतू लागते. शिवाय इंटरल्यूकिन-१ चा स्वतःचा ग्राहीही याच गाठीवर अवलंबून असतो. गाठ तुटली तर जिवाणू दिसलाय हे पेशीला कळत नाही, आणि शेजारच्या पेशीने केलेली ओरडही तिला ऐकू येत नाही.

आता ताप आणि सीआरपी यांच्याकडे पाहा. ताप येतो तो इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ यांनी मेंदूतलं तापमानाचं केंद्र वर सरकवल्यामुळे. सीआरपी यकृत बनवतं, तेही मुख्यतः इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून. म्हणजे आम्ही ‘जिवाणूची खूण’ म्हणून जे दोन आकडे रोज पाहतो, ते जिवाणूचे नाहीतच. जिवाणू दिसल्यावर ग्राहींनी केलेल्या ओरडीची ती मोजमापं आहेत. ओरडणाऱ्याचा गळाच धरलेला असेल तर मोजणाऱ्याला शांतता दिसते. त्या रात्री मी ती शांतता पाहिली आणि तिला ‘विषाणू’ असं नाव दिलं.

(एक गोष्ट मला हे प्रकरण लिहिताना पुन्हा पुन्हा आठवत राहिली. सीआरपी १९३० साली सापडला तो न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियाच्याच रुग्णांमध्ये. त्यातला ‘सी’ हा न्यूमोकॉकसच्या भिंतीतल्या सी-पॉलिसॅकराइडचा. ज्या जंतूवरून या प्रथिनाला नाव मिळालं, त्याच जंतूपुढे या मुलात ते गप्प राहिलं.)

निदान

गाठ तुटली आहे का हे पाहण्याची एक सुटसुटीत चाचणी आहे. न्यूट्रोफिलच्या अंगावर सीडी-६२-एल नावाचं प्रथिन असतं. टीएलआरला डिवचलं की निरोगी न्यूट्रोफिल ते तासाभरात झटकून टाकतो. फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) ते किती गळलं हे मोजता येतं.

आमचा पहिला नमुना वाया गेला. तो दुसऱ्या केंद्रात रात्रभर प्रवास करून पोचला, आणि सोबत पाठवलेल्या निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिलनीही न डिवचताच सीडी-६२-एल टाकून दिलेलं होतं. सोबत निरोगी नमुना होता म्हणूनच हे कळलं. नसता तर ‘चाचणी नॉर्मल’ असा अहवाल आला असता आणि आम्ही तो मानलाही असता. दुसऱ्या वेळी मुलाला आणि वडिलांच्या एका मित्राला त्या केंद्रातच पाठवलं आणि रक्त काढल्यावर तासाभरात चाचणी लागली.

निकाल स्वच्छ होता. टीएलआर-२, टीएलआर-४, टीएलआर-७ आणि ८ यांना डिवचल्यावर मित्राच्या पेशींनी सीडी-६२-एल टाकलं, मुलाच्या पेशी ढिम्म राहिल्या. टीएलआरला वळसा घालून पेशीला आतून चेतवणारं रसायन दिलं तेव्हा मात्र दोघांच्याही पेशींनी ते टाकलं. पेशी धडधाकट होती, तिला निरोप पोचत नव्हता. जनुकीय तपासणीत इराक-४ च्या दोन्ही प्रतींत प्रथिन अर्धवट तोडणारा बदल सापडला. आईकडे एक सदोष प्रत, वडिलांकडे एक.

इराक-४ चा हा जन्मजात दोष २००३ मध्ये आणि मायडी-८८ चा २००८ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. दोन्ही दुर्मीळ. २०१० मध्ये जगभरातल्या अशा ६० रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. त्यांतले २४ दगावले होते. पण आठ वर्षं वयानंतर एकही मृत्यू नव्हता, आणि चौदा वर्षांनंतर रक्तात किंवा मेंदूच्या आवरणांत शिरणारा एकही संसर्ग नव्हता. वय वाढतं तशी प्रतिपिंडांची आणि स्मृतिपेशींची फळी हे काम अंगावर घेते असं मानलं जातं. या मुलांना त्रास देणारे जंतूही मोजकेच: न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास. विषाणू आणि बुरशी यांच्याशी ती बरीचशी नीट लढतात, कारण टीएलआर-३ सारख्या वेगळ्या वाटा शाबूत असतात. कोविडच्या साथीत मात्र दिसलं की त्या विषाणूने यांना गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो.

तिसरा निर्णय: आठ वर्षांपर्यंत पोचायचं कसं

इथे आमचे पर्याय मोजके होते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार झाला. वयाबरोबर धोका आपोआप उतरणार असेल तर प्रत्यारोपणाची जोखीम घ्यावी का? आम्ही नको ठरवलं, आणि ते मला आजही योग्य वाटतं. रोज प्रतिबंधक औषध म्हणून पेनिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल, दर चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन, आणि उरलेल्या लशी: दोन वर्षं पूर्ण झाल्यावर न्यूमोकॉकसची २३ प्रकारांची, शिवाय मेनिंगोकॉकसची.

खरा कस लागला तो चौथ्या गोष्टीत. आजारी पडल्यावर पहिल्या तासात प्रतिजैविक मिळालं पाहिजे, ताप असो-नसो, सीआरपी कितीही असो. हे आम्हाला पटलं होतं. पण मूल नेहमी आमच्याच दारात येईल असं नाही, आणि रात्री दोनला कामावर असलेल्या अनोळखी डॉक्टरला ‘ताप नाही, आकडे चांगले आहेत, तरी शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन द्या’ हे आईने कसं पटवायचं?

आम्ही एका पानाचं पत्र केलं. पहिल्या मसुद्यात दोषाचं नाव, जनुक, संदर्भ सगळं वर होतं. आईने तो वाचला आणि म्हणाली, “हे वाचेपर्यंत अर्धा तास जाईल. वर एवढंच लिहा की आकडे बघून थांबू नका.” तिचं खरं होतं. अंतिम पत्राची पहिली ओळ अशी झाली: ‘या मुलात ताप नसणे आणि सीआरपी कमी असणे याचा अर्थ जिवाणू नाही असा होत नाही.’ दुसऱ्या ओळीत औषध आणि वजनानुसार मात्रा. तिसऱ्या ओळीत आमचा चोवीस तासांचा फोन. जनुकाचं नाव सगळ्यात खाली.

आईवडिलांना काय पाहायचं हे शिकवताना आम्ही थर्मामीटर बाजूला ठेवला. श्वास मोजणं, दूध-पाणी नाकारणं, रडण्याचा बदललेला सूर, आणि आईने पहिल्या रात्री सांगितलेली खूण: नेहमीसारखा विरोध न करणं.

निष्पत्ती

तीन वर्षं दोन महिन्यांचा असताना पत्राची पहिली परीक्षा झाली. एका संध्याकाळी मूल गप्प झालं. तापमान ३६.९. जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तिथे सीआरपी ५ पेक्षा कमी आला आणि डॉक्टर म्हणाले, सकाळी पाहू. आईने पत्र पुढे केलं, त्यांनी आम्हाला फोन केला आणि चाळीस मिनिटांत कल्चर घेऊन औषध सुरू झालं. कल्चरमध्ये पुन्हा न्यूमोकॉकस उगवला, या वेळी लशीत नसलेल्या प्रकाराचा. दुसऱ्या एक्स-रेत न्यूमोनियाची लहानशी छाया होती. तो एक दिवसही अतिदक्षता विभागात गेला नाही, आठव्या दिवशी घरी होता.

दुसऱ्या खेपेला इतकं सुरळीत झालं नाही. पत्र घरी विसरलं होतं आणि औषधाला तीन तास लागले. सुदैवाने कल्चर निर्जंतुक निघालं. तेव्हापासून पत्राचा फोटो आई, वडील आणि आजी अशा तिघांच्या फोनमध्ये आहे.

दरम्यान आई पुन्हा गरोदर राहिली. दोन्ही पालक वाहक असताना प्रत्येक वेळी चारात एक शक्यता असते, हे आम्ही आधीच सांगितलं होतं. त्यांनी गर्भावस्थेत तपासणी नको म्हटलं. जन्मताच नाळेतल्या रक्तावरून करायची ठरली. निकाल यायला दहा दिवस लागले, तेवढे दिवस बाळाला प्रतिबंधक पेनिसिलिन दिलं. मुलगी एकच सदोष प्रत घेऊन आली आहे, म्हणजे निरोगी वाहक. तिची नाळ नवव्या दिवशी गळली, आणि आईने मला त्याचा निरोप जनुकाच्या अहवालाआधी पाठवला होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या रात्री लॅक्टेट करायला हवा होता. ताप आणि सीआरपी दोन्ही ग्राहींच्या तारेवरून येतात, लॅक्टेट तसा येत नाही. रक्ताभिसरण ढासळलं की तो वाढतो. त्याने मला सावध केलं असतं असं मी खात्रीने म्हणू शकत नाही, पण माझ्याकडे निदान एक साक्षीदार असा असता जो त्या तारेवर अवलंबून नव्हता. एक्स-रेतली छाया आणि ९१ टक्के ऑक्सिजन हेही तसेच साक्षीदार होते. मी सोयीच्या साक्षी तेवढ्या निवडल्या.

गळवाच्या वेळी शंका घ्यायला हवी होती का? यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं, प्रत्येक गळवामागे जनुकीय दोष शोधायला गेलो तर हजारो मुलांना विनाकारण सुया टोचाव्या लागतील. मला वाटतं, गळू एकट्याने काही सांगत नाही. पण पूजन्य संसर्ग, ताप नसणं आणि घरात अर्भकाचा संसर्गाने मृत्यू या तीन गोष्टी एका फाइलीत आल्या की तिथे थांबून नाळेचा प्रश्न विचारायला एक मिनिट पुरतं. आता आमच्या दाखल-पत्रकात तो प्रश्न छापलेला आहे. इम्युनोग्लोब्युलिन देण्याआधी नमुना राखून ठेवणं हाही आता लेखी नियम आहे.

मोठ्या बहिणीबद्दल आईने एकदा विचारलं, तिलाही हेच असेल का. तिचं रक्त कुठेही साठवलेलं नव्हतं, त्यामुळे सिद्ध करता येणार नाही. बहुधा हेच असावं, एवढं मी सांगितलं. ते सांगावं की नाही यावर मी आदल्या रात्री बराच विचार केला होता. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे मी उशीर केला नव्हता.” तिने त्या बाळाला ताप नाही म्हणून एक दिवस घरी ठेवलं होतं, आणि सात वर्षं ते मनात धरलं होतं.

मुलगा आता सहा वर्षांचा आहे. इम्युनोग्लोब्युलिन चालू आहे. आठव्या वाढदिवसानंतर ते थांबवून पाहायचं की चौदापर्यंत ओढायचं, यावर पुढच्या भेटीत बोलायचं ठरलं आहे. वडिलांना लवकर थांबवायचं आहे, कारण दर महिन्याची सुई मुलाला आता कळते. आई अजून तयार नाही.